डावीकडून येणारी काठी

माझी चाळिशी अजून यायची होती तेव्हाची ही गोष्ट. आम्ही विश्रांतवाडीत राहायचो आणि माझं ऑफिस हिंजवडीत. म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला रोज जायचं आणि रोज परत यायचं. कंपनीची बस सकाळी लवकर निघायची. बसमध्ये बसल्या बसल्या सगळे माना टाकायचे. मी मात्र जागा असायचो. मी अमरावतीकडचा, आणि आमच्या घरी सकाळी उठून पुन्हा झोपणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघायची पद्धत होती.

त्या दिवशी बस औंधच्या पुढे रहदारीत अडकली होती. खिशातून ओळखपत्र काढावं म्हणून मी उजवा हात खाली नेला, तर मांडीवर कोणाचा तरी हात पडलेला लागला. जड, कोमट हात. शेजारी आमच्याच टीममधला एक नवा मुलगा बसला होता. मी त्याला म्हटलं, "अरे, हात काढ ना."

त्यानं कानातल्या वायरी काढल्या. "सर, माझे दोन्ही हात इथे आहेत."

"मग हा कोणाचा?"

त्यानं आधी त्या हाताकडे पाहिलं आणि मग माझ्या तोंडाकडे. माझं तोंड एका बाजूला ओघळलं होतं, हे मला नंतर कळलं. त्याला मात्र ते लगेच दिसलं. तो उठून ड्रायव्हरला जोरात म्हणाला, "गाडी वळवा, हॉस्पिटलला घ्या." ड्रायव्हरनंही काही विचारलं नाही. दुभाजकात जिथे फट मिळाली तिथून त्यानं ती एवढी मोठी बस वळवली, आणि ऑफिसला निघालेली सगळी बस मला घेऊन हॉस्पिटलच्या दारात उभी राहिली. मांडीवरचा हात माझाच होता. ते मला स्ट्रेचरवर घेतल्यावरही पटत नव्हतं.

मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. वेळेत पोचल्यामुळे औषध देता आलं. रक्तदाब वाढलेला असणार, आणि तो मी कित्येक वर्षांत मोजलाच नव्हता. पाय लवकर सुधारला. डावा हात रेंगाळला. आणि त्याहून विचित्र गोष्ट अशी झाली, की माझ्यापुरती जगाची डावी बाजू नाहीशी झाली.

हे सांगायला कठीण आहे. डावीकडे अंधार होता असं नाही, धूसरही नव्हतं. तिथे काही असतं, हेच मला सुचत नव्हतं. दाराच्या डाव्या चौकटीवर मी खांदा आपटायचो आणि दार कोणी अरुंद केलं म्हणून चिडायचो. तपासणीला रिक्षातून जाताना मी बायकोला म्हणालो, "इथे डॉक्टरांच्या बाजूलाच खानावळ आहे, बरं झालं." तिनं पाटी पाहिली. पाटीवर 'दवाखाना' लिहिलं होतं. मला त्यातलं 'खाना' तेवढं दिसलं होतं.

डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं. "तुमचा डोळा उत्तम आहे. हातही येईल हळूहळू. मेंदूनं डावीकडची दखल घेणं सोडलंय. हमरस्ता बंद पडलाय असं समजा. आता गल्लीबोळातून वाट काढायला त्याला शिकवायचं. त्याला वेळ लागतो, आणि कंटाळून चालत नाही."

बायको ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची. तिची रजा संपत आली, आणि मला एकट्याला घरी ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून आम्ही तिच्या माहेरी, नारायण पेठेत राहायला गेलो. सासूबाई काही वर्षांपूर्वी गेल्या होत्या. सासरे सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन एकटेच राहत होते. दुसऱ्या मजल्यावरचा नीटनेटका फ्लॅट, खाली शाळेचं मैदान. सासऱ्यांचं आणि माझं भांडण कधीच नव्हतं, पण बोलणंही फारसं नव्हतं. लग्न ठरताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "तुमच्या कंपनीत नक्की काय तयार होतं?" माझं उत्तर त्यांना तेव्हा पटलं नव्हतं, आणि पुढेही पटल्याचं त्यांनी कधी कळवलं नाही.

त्यांच्याकडे जेवणाचं ताट रीतसर वाढलं जायचं. तिथल्या पहिल्याच आठवड्यात मी बायकोला हळूच विचारलं, "तुमच्याकडे चटणी-कोशिंबीर करत नाहीत का गं?"

सासऱ्यांनी ते ऐकलं. ते उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझं ताट जागच्या जागी अर्धं फिरवलं. लिंबाची फोड, मीठ, शेंगदाण्याची चटणी, काकडीची कोशिंबीर, सगळं एकदम माझ्यासमोर आलं. जणू आत्ताच कोणी आणून ठेवलं होतं.

"कोशिंबीर रोज परत जातेय," ते म्हणाले. "आम्हाला वाटलं, वऱ्हाडात खात नसतील."

बायको काहीतरी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी त्या कोशिंबिरीकडे बघत राहिलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेव्हा मी मान डोलावली होती. पण माझं काहीतरी हरवलंय हे मला खऱ्या अर्थानं कळलं ते त्या दुपारी.

फिजिओथेरपीच्या एक बाई घरी यायच्या. चेंडू दाबणं, खुंट्या भोकात बसवणं, कागदावरच्या सगळ्या चांदण्यांना गोल करणं. मी फक्त उजवीकडच्या चांदण्यांना गोल करायचो आणि 'झालं' म्हणायचो. महिनाभरानं मला त्या सगळ्याचा वीट आला. चेंडू सोफ्याखाली गेला तर मी तो काढेना. दिवसभर खिडकीशी बसायचो. खाली मैदानात सकाळी शाळेच्या मुली लाठीकाठी शिकायच्या. डोक्यावर काठी अशी फिरायची की तिचं चक्र दिसायचं, आणि हवेत घूं घूं आवाज यायचा. सासरे चहा घेत बाजूला उभे राहून शेरे मारायचे. "ती तिसरी मुलगी काठी फिरवत नाहीये. काठी तिला फिरवतेय."

एका सकाळी फिजिओच्या बाई लवकर आल्या. मला चेंडूकडे पाठ करून खिडकीशी बसलेलं त्यांनी पाहिलं. त्याही जरा वेळ खाली बघत राहिल्या.

"हे आवडतंय का तुम्हाला?"

"बघायला बरं वाटतं."

"मग करा ना. दोन्ही हात लागतात, पाय लागतात, क्रम लक्षात ठेवावा लागतो आणि सगळीकडे बघावं लागतं. मी जे तुकड्या-तुकड्यानं करून घेतेय ते त्यात सगळं एकदम आहे. फक्त डॉक्टरांना विचारून."

डॉक्टरांनी थोडा विचार करून परवानगी दिली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे डोक्याला मार लागता कामा नये, अशी ताकीद दिली. सासऱ्यांनी बायकोचं स्कूटरचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर चढवलं. "छान," ते म्हणाले. "सगळ्या पेठेत हेल्मेट घालणारे तुम्ही एकटे, आणि तेही पायी."

मैदानावर शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका होत्या. सलवार-कुडता, पायात कॅनव्हासचे बूट, केस घट्ट बांधलेले. सगळ्या त्यांना नुसतं 'बाई' म्हणायच्या. सासऱ्यांनी माझा सगळा आजार त्यांना सविस्तर सांगितला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मी पेशंट घेत नाही. विद्यार्थी घेते. यांना शिकायचं आहे का, ते यांनाच सांगू दे."

"शिकायचं आहे," मी म्हणालो.

"मग उद्यापासून या. वेळेवर."

पहिले काही दिवस मी काठी धरायला शिकलो. वेताची हलकी काठी होती. उजवा हात धरायचा आणि डावा सोडून द्यायचा. काठी पडायची. बाई विचारायच्या, "कुठे पडली?" मी उजवीकडे शोधायचो. बाई बोट दाखवायच्या नाहीत. "शोधा," म्हणायच्या, आणि दुसऱ्यांकडे वळायच्या. मी पूर्ण गोल फिरलो की ती सापडायची. मग फिजिओच्या सांगण्यावरून बायकोनं माझ्या डाव्या मनगटाला लाल फीत बांधली. बाई ओरडायच्या, "लाल कुठंय?" आणि मी मान वळवून ती लाल फीत शोधायचो. सापडली की फार आनंद व्हायचा, एखादा जुना मित्र गर्दीत दिसावा तसा.

पवित्रा म्हणजे पाय टाकण्याची ठरलेली चाल. ती मला आवडली. पुढे, आडवं, मागे, वळण. एक पाय चुकला तर पुढचं सगळं चुकतं. रात्रंदिवस प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला हे ओळखीचं होतं. मी स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत पवित्रा म्हणत चालायचो. अमरावतीहून आईचा फोन आला तेव्हा तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "काऊन रे बाप्पा, या वयात काठ्या खेळून राह्यला का तू? डॉक्टरले इचारलं ना?"

"विचारलं, आई."

"मंग खेळ. पन कोनाच्या डोक्यात नको घालू."

एकट्यानं काठी फिरवणं जमू लागल्यावर बाई म्हणाल्या, "आता समोर कोणीतरी हवं. उजव्या हाताच्या माणसाचा पहिला वार समोरच्याच्या डावीकडेच येतो. तुम्हाला डावीकडे बघायचं नसेल, तरी काठी बघायला लावते." त्यांनी एका मुलीला उभं केलं. तिनं काठी उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि खाली केली. "बाई, काकांना कसं मारू?" दुसरीनंही तेच केलं.

बाकावरून आवाज आला, "मी मारतो."

सासरे उठून येत होते. फुल शर्ट, इस्त्रीची पँट, हातात पिशवी. पिशवी त्यांनी खाली ठेवली. "जावयाला काठीनं मारायची संधी किती सासऱ्यांना मिळते? तीही सकाळी, चारचौघांत, बाईंच्या परवानगीनं."

मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत. "आधी शिकावं लागेल," त्या म्हणाल्या. "उद्यापासून बूट घालून या."

आणि सासरे खरोखर शिकले. सत्तरी जवळ आलेली, कधी कसला खेळ खेळलेले नाहीत, पण क्रम पाठ करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. दाढी करताना ते पवित्रा पुटपुटायचे. थोड्या दिवसांनी आम्ही समोरासमोर उभे राहू लागलो. सुरुवातीला ते वार करायच्या आधी सांगायचे, "येतोय, डावीकडून." काठी अगदी सावकाश यायची आणि माझ्या दंडाला टेकायची. सांगून सुद्धा मला ती टेकल्यावरच कळायची. मग मी माझी काठी वर न्यायचो. "उशीर झाला," सासरे म्हणायचे. "पुन्हा."

किती दिवस असं चाललं कोण जाणे. थंडी पडली, मैदानावर धुकं यायला लागलं. माझा हात काठीवर टिकू लागला होता. मधल्या काळात मी एकदा ऑफिसात जाऊन आलो. व्यवस्थापक चांगला माणूस होता. म्हणाला, बस आणि बघ कसं वाटतं. मी माझाच जुना प्रोग्रॅम उघडला. प्रत्येक ओळीची सुरुवात गायब होती. कंस बंद होताना दिसायचे, उघडताना नाही. मी स्वतः लिहिलेलं मला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी घरी आल्यावर मी जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे नेहमीच्या वेळी बूट घालून दारात उभे होते.

त्यानंतरची एक सकाळ. सासऱ्यांनी त्या दिवशी सांगणं बंद केलं होतं. बाईंनीच तसं करायला सांगितलं होतं, पण वार हळूच करायचा असं ठरलं होतं. त्यांचा पाय ओल्या जमिनीवर सरकला, तोल गेला, आणि काठी पूर्ण जोरानं माझ्या डाव्या दंडावर बसली. मी खाली बसलो. मोडलं काही नव्हतं, पण गोळ्यांमुळे दंड दुपारपर्यंत काळानिळा पडला, कोपरापासून खांद्यापर्यंत. बायको कॉलेजातून आली आणि तिनं ते पाहिलं.

"तुम्ही दोघं वेडे झाला आहात का?" ती म्हणाली. "बाबा, तुमचं वय काय? आणि तू, तुला काय सिद्ध करायचंय? मी रोज वर्गात उभी असते आणि फोन वाजला की माझा जीव जातो. माहीत आहे तुम्हाला?"

आम्हाला माहीत नव्हतं. ती एवढ्या महिन्यांत एकदाही असं बोलली नव्हती. डॉक्टरांना दाखवलं, काळजीचं काही नव्हतं. पण त्या संध्याकाळी सासऱ्यांचा चहाचा कप तसाच राहिला.

सकाळी ते बूट न घालता खुर्चीत बसलेले दिसले. वर्तमानपत्र हातात होतं, पण ते वाचत नव्हते. मी दोन्ही काठ्या घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"बाबा, चला."

"मी येत नाही. तुम्ही जा."

"का?"

"कचेरीत उभी हयात गेली, कोणाला पेन्सिलीचं टोकही लावलं नाही," ते म्हणाले. "काल काठी जोरात बसली तेव्हा वाटलं, संपवलं मी याला. पोरीला काय तोंड दाखवू?"

मी त्यांच्या शेजारी बसलो. मला फार बोलता येत नाही. पण जे होतं ते सांगितलं. "बाबा, काल जोरात लागलं तेव्हा पहिल्यांदा मला दंड दुखला. माझा दंड, डावा. इतके दिवस तो नुसता लटकत होता. तुम्ही मारलं नाहीत, तर तिकडे कोणी आहे हे मला कळणार कसं?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत गेली, हेल्मेट घेऊन आली, आणि जुन्या उशीतला फोम कापून केलेलं एक जाड पॅड माझ्या दंडाला गुंडाळायला लागली. गाठ घट्ट मारली. "हळू मारा," ती बाबांना म्हणाली. "आणि ओलं असेल तर अजिबात नाही."

सासरे बूट घालायला उठले.

त्यानंतर काही आठवड्यांतली गोष्ट. ऊन वर आलं होतं, मुलींचा वर्ग संपत आला होता. सासरे नेहमीसारखे समोर होते. त्यांच्या खांद्याची हालचाल मला दिसली, आणि माझे दोन्ही हात आपसूक वर गेले. काठीवर काठी बसली. खट्ट. तो आवाज मला डावीकडून आला. मी वळून पाहिलं तर तिकडे सगळं होतं. शाळेची भिंत, नळ, नळावर हात धुणाऱ्या मुली, भिंतीवर वाळत घातलेली सतरंजी.

सासऱ्यांनी पुन्हा वार केला. मी पुन्हा अडवला. तिसरा मात्र बसला.

"ठीक," सासरे म्हणाले. नारायण पेठेत यापेक्षा मोठं कौतुक मी कोणाचं झालेलं ऐकलेलं नाही.

सगळं काही एका दिवसात परत आलं नाही. ते हळूहळू आलं, काही राहूनही गेलं. शर्टाची बटणं लावता आली, मग बुटाची नाडी. पाट्या पूर्ण वाचता येऊ लागल्या. गर्दीत अजूनही माझा डावा खांदा कोणाला तरी लागतो आणि मी माफी मागतो. स्कूटर पुन्हा चालवली नाही. डॉक्टरांना मी विचारलं, हे काठीमुळे झालं का. ते प्रामाणिक माणूस होते. "काठीनं किती, गोळ्यांनी किती आणि काळानं किती, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण जी गोष्ट करायला तुम्ही रोज सकाळी आनंदानं उठता ती सोडू नका."

ऑफिसात मी प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी दुसऱ्यांचे प्रोग्रॅम तपासायच्या कामावर गेलो. पगार थोडा कमी झाला, घरी लवकर येणं जमू लागलं. एखादी चूक माझ्या नजरेतून सुटली असेल या शंकेनं मी प्रत्येक पान दोनदा बघायचो, त्यामुळे बऱ्याच चुका सापडायच्या. टीममधले म्हणायचे, सरांकडून काही निसटत नाही. मी फक्त हसायचो.

विश्रांतवाडीचं घर आम्ही भाड्यानं दिलं आणि नारायण पेठेतच राहिलो. सासरे सत्तरीपार गेले तरी रोज सकाळी मैदानावर यायचे. पूर्वी जिना उतरताना ते कठड्याला धरायचे, ते बंद झालं. बाईंशी त्यांचं क्रमावरून वाजायचं. तिसऱ्या पवित्र्यात आधी कोणता पाय, यावर दोघं तासभर बोलू शकत. एकटं राहून ते चिडचिडे झालेत असं बायको पूर्वी म्हणायची, ती चिडचिड कुठे गेली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. शेरे मात्र कायम राहिले.

मग एका खंडेनवमीला आम्ही मैदानावर काठ्यांची पूजा केली. तेल लावून पुसलेल्या काठ्या सतरंजीवर मांडल्या, झेंडूची फुलं वाहिली. बायको पेढे घेऊन आली होती. पूजा झाल्यावर तिनं एक काठी उचलली, वजन बघितलं आणि बाईंना म्हणाली, "मला शिकायला किती दिवस लागतील?"

"ते तुमच्यावर आहे," बाई म्हणाल्या. "धरा."

तिनं धरली. सासरे लगेच दोन पावलं मागे झाले. "मुलीला मी मारणार नाही. जावयाचं वेगळं."

"मग मी याला मारते," ती म्हणाली.

ती डावखुरी आहे. पुढे तिला जमू लागलं, तेव्हा तिचे वार माझ्या उजवीकडून यायला लागले, आणि मी डावीकडे बघत उभा असायचो. भरपूर मार खाल्ला. रविवारी सकाळी सराव संपला की आम्ही तिघं चालत भाजी घ्यायला जातो. सासरे मधे असतात. मेथीची जुडी हातात घेऊन ते भाजीवाल्याला सांगत असतात, की ही जुडी कालची आहे आणि कालही ती ताजी नसावी.